नववी गाठ

१२ ऑक्टोबर, रविवार

बसमध्ये डोळा लागला आणि कानाशी बाबांच्या पेटीचा भाता वाजला. सूर नव्हे, सुराच्या आधीचा तो श्वास. फुस्स्... आणि मग कुठे षड्ज. साठ-बासष्ट वर्षं झाली त्या आवाजाला. मिशनच्या आवारातली संध्याकाळ, बाबा पेटीवर आणि भाता हलवायला धाकटा भाऊ शमू. वयाने मोठा मी, पण भाता कायम शमूच्या हाती. शांतवनचा हात जड आहे, असं बाबा म्हणायचे. असो. चांगल्या दिवशी हे कुठून आठवलं!

तर मी भिवंडीला आलो. कायमचा. कमळा गेल्यावर नगरच्या घरात तीन वर्षं एकट्याने काढली. स्वयंपाक जमायचा, पण जेवताना समोर कोणी नसायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तसा शमूने फोनवर हुकूमच सोडला. स्टँडवर स्वतः घ्यायला आला होता. सत्तरी गाठली तरी चालतो नवरदेवासारखा. माझी ट्रंक उचलून म्हणाला, "दादा, वहिनीचा पाटा-वरवंटा घेऊन आलास की काय?" रिक्षावाला, पानवाला, सगळे हसले. सगळे त्याला भाऊ म्हणतात. ट्रंकेत पाचवी ते दहावीची मराठीची पुस्तकं आहेत, माझ्या एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीतली.

मला माडीवरची खोली दिली आहे. वेगळा जिना, वेगळं दार, शेजारीच गच्ची. सरूने, म्हणजे शमूच्या बायकोने, उशीच्या अभ्र्यावर 'शां' हे अक्षर भरलं आहे. जेवायला सुक्या बोंबलाचं कालवण होतं. दोन भाकऱ्या जास्त झाल्या. कमळे, तू असायला हवी होतीस.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घराची ओळख झाली. मागच्या भिंतीला लागून दाऊदभाईंचा लूमचा शेड आहे, सोळा लूम. सकाळी सातला सुरू होतात आणि माझा पाण्याचा पेला टेबलावर आपोआप सरकू लागतो. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मात्रा मोजल्या. आठ! चक्क आठ मात्रांचा ठेका. आता डोळे मिटले की वाटतं, साठ मुलं एका सुरात कविता म्हणताहेत. शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी वर्ग सुटल्यासारखा सुन्न होईन बहुधा.

घराचे नियम सरूने सांगितले. ती खारबावची, बोलण्यातला तिकडचा हेल अजून गेलेला नाही. "दादा, संध्याकाळी सातला कुटुंबप्रार्थना हाय. कोनाला सुट्टी न्हाय. ताप आला तरी गादी उचलून आनू." प्रार्थनेत शमू एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागतो, मस्कतला असलेल्या मुलाचं, सुनेचं, माझ्या गुडघ्याचंसुद्धा. आणि देवाशीही थट्टा करतो. काल म्हणाला, प्रभू, दादाला सातवीतल्या कविता विसरू दे, नाहीतर आम्हांला ऐकायची शक्ती दे.

नातीचं नाव पूर्वा. सगळे पूर्वी म्हणतात. तेवीस वर्षांची. आईबाप मस्कतला, तिला वाढवलं ते शमू-सरूने. राहनाळच्या एका गोदामात ऑफिसात काम करते. ड्युटीवरून आली की चप्पल एकीकडे, बॅग एकीकडे, आणि थेट शमूच्या खाटेवर. मग दिवसभराच्या गमती, मॅनेजरच्या नकला. शमू खिशातून चिक्की काढून देतो. मी वरून ऐकत असतो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलं की सगळं स्पष्ट ऐकू येतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज एक आनंदाची गोष्ट घडली आणि ती कुणाला सांगायची नाही.

चर्चमधून आल्यावर पूर्वी माझ्या खोलीत आली. हातात गीतांच्या पुस्तकाचं कव्हर, आत मात्र भलतंच पुस्तक. आधी मला शपथ घातली. मग म्हणाली, "मोठे आजोबा, तुम्हांला चंद्रावरच्या कविता किती पाठ आहेत?" मी म्हटलं, मोजायला एक सुट्टी लागेल.

पुस्तक विक्काचं, परदेशातल्या कुठल्याशा पंथाचं. मी 'विका' म्हणालो तर हसली. ती म्हणते, हे चेटूकबिटूक नव्हे, निसर्गाची भक्ती आहे. पौर्णिमा पाळायची, ऋतू बदलला की त्याचं स्वागत करायचं, मिठाचं रिंगण घालून आत मेणबत्ती लावून बसायचं, मनातलं बोलायचं. मोबाईलवर तिच्यासारख्या काही मुली आहेत, पुण्याची एक, शिलाँगची एक. सहा महिने ती हे एकटीच करते आहे. मीठ पावडरच्या डब्यात लपवते. तिची एक वही आहे, तिला ती सावल्यांची वही म्हणते. येशूवरचं मन उडालं का, मी विचारलं. तसं काही नाही म्हणाली, पण प्रार्थनेत आपण सारखं मागतो, मला कुणाकडे काही न मागता नुसतं बसायला आवडतं.

किती सुंदर वाक्य! दहावीच्या निबंधात असतं तर दहापैकी नऊ दिले असते.

एकच गोष्ट तिने बजावली. दुसऱ्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध काही करायचं नाही. कुणाला दुखवायचं नाही, कुणाला बांधायचं नाही. बाकी सगळं त्यानंतर.

तिने हे शमूला सांगितलेलं नाही. मला सांगितलं. जिना चढून, वर येऊन, मला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दहा दिवसांत दहा वर्षांनी तरुण झालो. पूर्वी पुस्तकातलं इंग्रजी वाचते, मी त्याचं मराठी पद्यात करतो. चुलीच्या राखेला काय म्हणावं, तुळस आणि सब्जा यांतलं काय कधी वापरायचं, यावर आमचे वाद होतात. सरू खालून ओरडते, "काय खलबतं चाललीत वर?" आम्ही सांगतो, कविता. खोटं कुठे आहे?

दोऱ्याचंही एक प्रकरण आहे. मनातली इच्छा बोलत दोऱ्याला नऊ गाठी मारायच्या. पण गाठ सुटी हवी, एक टोक ओढलं की निघणारी. इच्छा पुरी झाली की उलट्या क्रमाने सोडून द्यायची. आणि गाठ कधी कापायची नाही. कापली तर जे बांधलं तेही कापलं जातं, असं तिच्या वहीत लाल शाईने आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा

सहा वाजता गच्चीवर गेलो. सरू आणि शमू दवाखान्यातल्या कुणाला भेटायला गेले होते. गोदामांच्या पत्र्यांवरून चंद्र वर आला, फिक्कट, शिळ्या ताकासारखा, आणि मग हळूहळू उजळला. पूर्वीने मिठाचं रिंगण घातलं. मी आत. चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी रिंगणात घेतलं नव्हतं. खेळातसुद्धा मी पंच असायचो. तिने माझ्या ओळी म्हटल्या:

मिठाच्या रेघेत आम्ही, वरती तू रुपेरी,
कुणास न दुखो आमुची ही सांजेची फेरी.

तिचा आवाज शेवटच्या शब्दावर थरथरला. मला रडू आलं. साडेसहाला खाली उतरून सातला प्रार्थनेला बसलो, दोघांच्याही टाचांना मीठ लागलेलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

दाऊदभाईंच्या शेडमध्ये गेलो होतो. माणूस माझ्याच वयाचा, कोकणी मुसलमान, चार पिढ्या भिवंडीत. मला 'मास्तर' म्हणतात. ताण्याचा एक धागा तुटला तशी त्यांनी लूम थांबवला, दोन टोकं बोटांत धरली, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गाठ तयार! एवढीशी, तिळाहून लहान. मी हट्टाने शिकलो. तासभर बोटं दुखवली. दाऊदभाई हसून म्हणाले, "अरे मास्तर, इस उमर में नौकरी करोगे क्या? या, उद्यापासून नाईट शिफ्ट लावतो." शेवटी जमली. ओढली की आणखी आवळते, लूमच्या फणीतून सुळ्ळकन निघून जाते. जडहाती म्हणे मी! बाबांनी पाहायला हवं होतं. येताना कोऱ्या पांढऱ्या सुताचा वीतभर तुकडा खिशात घालून आणला. तो सारखा काढून पाहतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

शमूला सगळं माहीत आहे.

कसं? पूर्वीनेच सांगितलं. बुधवारीच. आणि तो रागावला नाही, हे वाईट. रागावला असता तर ती माझ्याकडे आली असती. त्याने म्हणे पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि म्हणाला, चंद्र कुणी केला गं? देवाने ना? मग बस त्याच्याकडे बघत, मात्र तुझ्या आजीला सांगू नको, ती मला घराबाहेर काढेल. झालं! आता रोज त्याच्याच खाटेवर ती वही. मी तिसऱ्या पायरीवर होतो. पूर्वी त्याला रिंगण समजावत होती, अगदी त्याच शब्दांत, जे मला सांगितले होते.

मग त्याने कविता केली. कविता!

चंद्र आला गच्चीवर,
चहा ठेवा गॅसवर.

ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, "आजोबा, पुढच्या पौर्णिमेला हीच म्हणायची. मोठ्या आजोबांची फार जड आहे ना, ही कशी सोपी." जड. ती हे प्रेमाने म्हणाली, मला कळतं. पण शब्द तोच.

ना वृत्त, ना अर्थ. गॅसवर!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्वी दोन दिवस वर आली नाही. खाली हशा चालू असतो. आज शमूने जिन्यात मला पाहिलं. "दादा, तिथे काय बसलास, खाली ये की! माझ्या यमकाला जरा धार लावून दे." मी गुडघा दुखतोय म्हणालो. त्याने चिक्की पुढे केली. घेतली. वर येऊन खिडकीबाहेर फेकली.

भाता त्याचा. बाबा त्याचे. मुलगा त्याचा, सून, नात त्याची. स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा त्याचा. एक गोष्ट माझी होती, तीही तिने स्वतःहून नेऊन त्याच्या ओंजळीत घातली. मला मत्सर वाटत नाही. मी फक्त नोंद करतो आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या

दुपारी साडेतीन. घरी मी एकटा. लूम जोरात चालू.

मीठ घातलं. मेणबत्ती लावली. खिशातलं सूत काढलं. पहिली गाठ त्याच्या थट्टेला. दुसरी त्याच्या गाण्याला. तिसरी हसण्याला. मग प्रार्थनेतल्या आवाजाला, हातातल्या चिक्कीला, पायांतल्या त्या नवरदेवाच्या चालीला... लूमच्या ठेक्यावर बोटं आपोआप चालत होती. आठवी, माझं नाव ज्या जिभेने हसत घेतो त्या जिभेला. नववी मारताना मोठ्याने म्हणालो, पूर्वीचं नाव त्याच्या तोंडी न येवो. पूर्वी यावी ती माझ्याकडे. फक्त माझ्याकडे.

नऊच्या नऊ तिळासारख्या, सारख्या अंतरावर. मोत्यांची ओळ जणू. दाऊदभाईंनी शाबासकी दिली असती. चष्म्याच्या डबीत ठेवलं.

म्हाताऱ्याचा पोरखेळ, दुसरं काय. पण आज बरं वाटतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लूम बंद. शमू नेहमीसारखाच. कंदुरीच्या, नवसाच्या मटणाच्या जेवणाचे किस्से सांगत बसला होता. मला स्वतःचं हसू आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला लूम सुरू झाले. सव्वासातला सरूची हाक आली.

शमू चहा घेता घेता काहीतरी गमतीचं बोलायला गेला आणि थांबला. तोंड उघडं, शब्द नाही. आम्हांला वाटलं, थट्टा करतोय. पूर्वी तर हसलीसुद्धा. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी प्रार्थनेत त्याने ओठ हलवले. नुसता श्वास. फक्त मला कळलं की ही पहिली आणि चौथी गाठ.

योगायोग. रक्तदाब असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सगळे रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर म्हणतात मेंदूत काही नाही, घशात काही नाही. आज पाय उचलत नव्हता. सरूने आधार दिला तर तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं नाही, तेवढं बरं. पूर्वीकडे मात्र तसंच पाहिलं. कोण ही मुलगी, असं.

ती माझ्या खोलीत येऊन रडली. तासभर. माझा हात धरून. "मोठे आजोबा, आता तुम्हीच आहात." देवा, मला बरं वाटलं. त्या क्षणी बरं वाटलं, ते इथे लिहिलं नाही तर कुठे लिहू?

मग तिने डोळे पुसून विचारलं, तुम्ही काही केलं नाही ना? मी म्हणालो, वेडी आहेस का.

लूम चालू असताना डबी उघडून पाहिली. सूत ताठ होतं. दोन्ही टोकांना कुणी धरून ओढावं तसं, हवेत ताठ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लूम बंद. सूत मऊ पडलं. शमू उठून बसला, पेज प्यायला. सरू म्हणाली, परभूने ऐकलं. ऐकलं नाही सरू. आज सुट्टी आहे, एवढंच.

गाठी सोडायला बसलो. सकाळपासून. नखं तुटली. एकही नाही. सुटी गाठ मारायची होती, ओढली की निघणारी. आणि मी मारली ती लूमची. माझ्या बोटांना तीच अभिमानाची.

कापता येत नाही. लाल शाई.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सात वाजले आणि शमूचा श्वास अडकला. सरूने तोंड उघडून पाहिलं. किंचाळली, "दादा, जिभेखाली सूत हाय!" पांढरं टोक. तिने चिमटीत धरून ओढलं. वीतभर आलं. दोन विती. संपेना. शमू आवाज न करता ओरडत होता. तिने सोडलं तसं ते सरसर आत गेलं.

डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. म्हणाले, आत काही नाही.

दवाखान्यात ठेवलंय. पूर्वी आणि सरू तिथेच.

१ डिसेंबर, सोमवार

दाऊदभाईंना सूत दाखवलं. सगळं सांगितलं नाही, फक्त सोडायचंय म्हणालो. बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, ये गांठ खुलने के लिए नहीं होती. कपड्यात जाते, संपली गोष्ट. कशाला बांधलीत?" मग आतून बारीक पिन आणून दिली. म्हणाले, तोंडाच्या थुंकीने भिजवा, पिनेने धागा धागा उचला, एकेकीला अर्धा दिवस लागेल. ज्याने मारली त्यानेच सोडावी, त्याच्याच बोटाला कळतं कुठून आवळली ते. मी निघालो तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. कळलं असावं.

उलट्या क्रमाने सोडायची असते. पण नववी नंतर. तिला शेवटी हात लावतो. आधी बाकीच्या.

३ डिसेंबर, बुधवार

झोप नाही. डोळ्यांतून पाणी. आठ सुटल्या.

एकेक सुटली की दवाखान्यातून फोन. पाय हलला. हात उचलला. आज सरू रडत सांगत होती, ह्यांनी नर्सची नक्कल केली, अख्खा वॉर्ड हसला. माझं नावही घेतलं म्हणे, दादाला चहा मिळाला का?

एक राहिली. ती आहे तोवर लूम सुरू झाले की श्वास अडकतो, नळी लावावी लागते. आणि पूर्वी समोर उभी असते, तिला तो ओळखत नाही.

पिन हातात आहे. सोडायची आहे. सोडणारच.

पण ती सुटली की तो म्हणेल, पूर्वी. आणि ती — ती परत खाटेवर. चिक्की. गॅसवर.

उद्या सकाळी.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा

सकाळी सोडली नाही.

अकरा वाजता — श्वास दोनदा थांबला. सरूचा फोन. म्हणाली दादा तुमी पन प्रार्थना करा, गुडघे टेकून, डॉक्टर म्हनतात आज काय सांगता येत न्हाय. मी हो म्हणालो.

एक वाजला. पिन गाठीला लावली. एक पदर सैल झाला. थांबलो. का थांबलो —

कारण ती सहा दिवस तिथे बसली आहे. जो तिला ओळखत नाही त्याच्याजवळ. मी ओळखतो. मी इथे आहे. एकदाही वर —

सव्वातीन. सूत ताठ. कधी नव्हतं इतकं. शमू, थांब रे. सोडतो. सोडतो. थुंकी सुकली आहे तोंडात —

साडेतीन. पूर्वीचा फोन, दवाखान्यातून. मागे यंत्राचा टिक टिक आवाज. आजोबांचा हात धरून बसलेय, ओठ निळे पडलेत, तुम्ही — आवाज फाटला. मी बोलणार तोच माझ्या दारावर टकटक.

जिना वाजला नाही. लाकडी जिना आहे, मांजर चढलं तरी वाजतो.

बाहेरून हाक आली. "मोठे आजोबा."

पूर्वीचा आवाज.

फोन कानाशी आहे. फोनमध्ये पूर्वी रडते आहे.

दाराखालच्या फटीतून पांढरं सूत आत आलंय. खोलीभर पसरतंय, माझ्या पायांकडे, हळू. बाहेरची म्हणते, "उघडा ना. आज पौर्णिमा. तुमचीच कविता म्हणायची. त्यांची नाही. मी कुणाकडे गेले नाही, कुठे जाणारही नाही. फक्त ती एक गाठ राहू द्या."

फोनमधली म्हणते, आजोबांचा श्वास —

फोन पालथा ठेवला.

अजून एक पदर उचलला की सुटेल. एकच. शमू —

बाहेर ती माझ्या ओळी म्हणते आहे. मिठाच्या रेघेत आम्ही. एकही मात्रा चुकली नाही. जड म्हणत नाही. आवडतं म्हणते.

ही पूर्वी नव्हे, मला कळतं. मास्तर आहे मी, आंधळा नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांत कुणी जिना चढून, दुसरं कुणाला न विचारता, फक्त माझ्या —

पिन खाली ठेवली. कडी गार आहे. उघडतोय गं, उघ —